सर्दी लपवून ऑपरेशनला येऊ नका: या चुका टाळा

मी भूल देणारा डॉक्टर. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी, जिथून बोलावणं येईल तिथल्या ऑपरेशन थिएटरात जातो. गेली अठरा वर्षं त्याच त्या चुका बघतोय. ऑपरेशन हर्नियाचं असो, टॉन्सिलचं असो की पित्ताशयातल्या खड्यांचं, ते चार आठवड्यांनी केलं तरी चालणार असतं. तरी माणसं खोकत खोकत टेबलावर येऊन झोपतात, कारण तारीख ठरलेली असते.

सर्दी लपवणं

गणपतीत गर्दीतून फिरून घरोघरी सर्दी-खोकला होतो आणि तो पुरता जायच्या आत दसऱ्याची सुट्टी लागते. शाळा बुडायला नको म्हणून पोरांच्या टॉन्सिलची ऑपरेशनं नेमकी याच सुट्टीत धरली जातात.

अशाच एका सुट्टीत खानापूरच्या पलीकडच्या गावातला सहा वर्षांचा मुलगा आला होता. पहाटेची बस पकडून आई आणि आजी त्याला घेऊन आलेल्या. मी विचारलं, "सर्दी, खोकला, ताप?" आई म्हणाली, "काही नाही." छाती तपासली, साफ होती. टेबलावर घेताना त्याच्या स्वेटरच्या बाहीवर वाळलेला शेंबूड चकाकताना मला दिसला. आई नाही म्हणाली होती, सर्जन हात धुऊन उभे होते. मी पुढे गेलो. तिथंच थांबायला हवं होतं.

ऑपरेशन नीट झालं. पोर जागं होत आलं तशी घशातली नळी काढली. त्यानं श्वास घ्यायला छाती वर ओढली, पण आत हवा जाईना. बरगड्यांखाली खळगा पडला, तोंडातून आवाज नाही. मास्क घट्ट धरून त्याला जोडलेली, हवा आत ढकलायची पिशवी दाबली तर ती हाताला दगडासारखी लागली. मॉनिटरवर नाडीचा जो टिक टिक आवाज येतो, त्याचा सूर रक्तातला ऑक्सिजन उतरेल तसा खाली जातो. तो सूर उतरत गेला. ९८, ९१, ८०, ६४. ओठ निळे पडले. स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं तेव्हा स्वरतंतू उघडले आणि पिशवी हाताखाली मऊ झाली. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा गेली नसतील. मुलगा वाचला, दोन दिवसांनी घरी गेला.

बाहेर आलो तर आजी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आठ दिवस खोकत होता ओ. सांगिटलं तर परत लावून देतील म्हणून गप बसलो."

या प्रकाराला लॅरिंगोस्पॅझम म्हणतात. विषाणूनं श्वासमार्गाचं आतलं अस्तर सोललेलं असतं. त्याखालच्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात आणि नळी, थुंकी किंवा रक्ताचा थेंब लागला तरी श्वासमार्ग एकदम आवळून घेतो. नाक कोरडं झालं म्हणजे अस्तर भरून आलं असं नाही. हा हुळहुळेपणा सर्दी गेल्यावर काही आठवडे, कधी सहा आठवड्यांपर्यंत राहतो. लहान मुलांची श्वासनळी मुळातच अरुंद आणि त्यांचा ऑक्सिजनचा साठा तोकडा, म्हणून त्यांना धोका जास्त. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर आणखी जास्त.

तेव्हापासून मी नुसतं "सर्दी आहे का?" असं विचारत नाही. त्यावर सगळे नाहीच म्हणतात. मी आजीला विचारतो, "मागच्या पंधरा दिवसांत रात्री खोकून उठला का? घरात आणि कोण शिंकतंय? हे नाक नेहमीचं, की आता वाहायला लागलंय?" टॉन्सिलच्या मुलांचं नाक बारा महिने वाहतं, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आई म्हणाली की "याला सर्दी झालीय", तर माझ्या स्टेथोस्कोपपेक्षा मी तिच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवतो.

आणि सांगितलं की लगेच ऑपरेशन रद्द होतं, ही भीती मनातून काढा. पाणी वाहणारं नाक, ताप नाही, पोर वॉर्डात हुंदडतंय, अशा वेळी पुष्कळदा आम्ही जास्त काळजी घेऊन काम करतो. ताप, कफाचा खोकला, पिवळा-हिरवा शेंबूड, छातीत शिट्टी, मलूल झालेलं पोर, यातलं काही असेल तर मी थांबतो. साधी सर्दी असेल तर ती गेल्यावर निदान दोन आठवडे. छाती भरली असेल तर चार ते सहा.

"कमरेतच इंजेक्शन हाय की"

मोठ्या माणसांची ही लाडकी समजूत. मणक्यात भूल दिली की घशात नळी जात नाही, तेवढा धोका कमी होतो हे खरं. खोकला मात्र कुठं जात नाही.

निपाणीकडचा पन्नाशीचा एक गडी हर्नियाला आला होता. तंबाखूच्या वखारीत काम, विड्यांची सवय, त्यात पंधरवड्यापूर्वीचा फ्ल्यू. "करून सोडा की ओ, रजा संपतीय," हा त्याचा धोशा. करून सोडलं. कमरेखाली बधिर, पण वरून खोकल्याची उबळ आली की दर वेळी आतडी जखमेच्या तोंडाशी यायची आणि सर्जन हात थांबवून उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी ताप आणि धाप. पोट दुखतं म्हणून तो जोरात खोकत नव्हता, कफ आत साचून न्यूमोनिया झाला. रजा वाचवायला आलेल्या माणसाचे सहा दिवस ऑक्सिजनवर गेले, आणि इतकं खोकून हर्नियाच्या जागी आतून बसवलेली जाळी जागेवर राहिली की नाही ही काळजी मला पुढे कितीतरी दिवस होती.

विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी सोडा. ते जमलं नाही तर आदल्या दिवशी तरी ओढू नका. त्या एका दिवसानंही रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो.

मेडिकलमधून गोळ्या घेऊन सर्दी "बसवणं"

याचा मला मनापासून राग येतो. आदल्या दिवशी मेडिकलमध्ये जाऊन "उद्या ऑपरेशन हाय, जोरातलं काय तरी द्या" म्हणायचं. मग तापाची गोळी, अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइड अशी पुडी मिळते. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही परिणाम होत नाही. तापाची गोळी ताप माझ्यापासून लपवते. स्टेरॉइडनं मधुमेही माणसाची साखर चढते आणि जखम भरायला वेळ लागतो. घेतल्याच असतील तर रिकामी पाकिटं खिशात घालून या आणि मला दाखवा. मी रागावेन, पण मला कळलेलं बरं.

कोविड झाला होता हे न सांगणं

ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांची पाहणी झाली. कोविड न झालेल्यांत ऑपरेशननंतर महिन्याभरात दगावण्याचं प्रमाण १.५ टक्के होतं. ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांत कोविड झालेल्यांत ते ४.१ टक्के, पाच-सहा आठवड्यांपूर्वी झालेल्यांत ३.६ टक्के. सात आठवडे गेल्यावर ते पुन्हा १.५ वर आलं. पण सात आठवड्यांनंतरही ज्यांची धाप किंवा खोकला गेला नव्हता, त्यांच्यात ते ६ टक्के निघालं.

तो काळ लशीच्या आधीचा. आता पुष्कळांना लस मिळालीय आणि विषाणूही बदललाय. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ मध्ये निदान दोन आठवडे थांबा, पुढचं वय, आजार आणि ऑपरेशन बघून ठरवा, असं सांगितलं. मी दिवसांपेक्षा जिन्याकडे बघतो. आजाराआधी जेवढे जिने न थांबता चढत होता तेवढे आता चढता येतात का? येत नसतील तर दिवस कितीही झालेले असोत, मी थांबतो.

थोडक्यात उरलेल्या

दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. तो सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

संमतीपत्र कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर "मराठीत वाचून दाखवा" असं म्हणा. सही त्यानंतर.

शिंकणाऱ्या पाहुण्याला रुग्णाच्या उशाशी बसवू नका.

आणि याच्या उलट चूकही करू नका. अपेंडिक्स, अडकून काळानिळा पडलेला हर्निया, अडलेलं बाळंतपण यांना सर्दी आहे म्हणून घरी थांबायचं नसतं. कर्करोगाच्या ऑपरेशनचंही स्वतः ठरवून पुढे ढकलू नका, सर्जनला विचारा.

तारीख पुढे ढकलली की माणसं का चिडतात, ते मला कळतं. उसने पैसे आणलेले असतात, योजनेच्या मंजुरीची मुदत असते, गळीत हंगाम तोंडावर असतो. म्हणून मी कोणालाच नुसतं "बरं झाल्यावर या" म्हणून पाठवत नाही. सर्जनशी बोलून नवी तारीख त्याच कागदावर लिहून देतो, मंजुरीची मुदत वाढवायला काय लागेल ते ऑफिसात विचारून ठेवतो आणि माझा नंबर देतो.

गेल्या रविवारी रात्री नऊला त्या नंबरवर फोन आला. चंदगडकडची एक आई होती. "डॉक्टर, पोराचं नाक सकाळपासून वाहतंय, अंगही गरम लागतंय. उद्या येऊ का नको?" मी नको म्हणालो. तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार लिहून घेतला, आणि त्याच्या आदल्या रात्री असाच फोन करायला सांगितलं.