नवीन लिनक्स टाकून दिलं अन् लोक बोंबलायलेत, तर काय करायचं

ज्यांनी ज्यांनी घरच्यांच्या नाहीतर दोस्तांच्या मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम, टाकून दिलंय त्यांना माहितीय, टाकणं अर्ध्या तासाचं काम, खरं काम म्हणजे नंतर पंधरा दिवस फोन उचलणं. माझ्याकडं सध्या नऊ मशिनी आहेत, म्हणजे माझ्या नाहीत, पण बिघडल्या की माझ्या. दोन सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात, जिथं मी दिवसा काम करतो, एक सात रस्त्याजवळ झेरॉक्सवाल्या दोस्ताची, एक जुळे सोलापुरात मावशीची, बाकी पाहुण्यारावळ्यांच्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे, ते यातल्या कुणाकडंच नाही. म्हणून एक सोडून सगळ्यांवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) २२ ची मालिका. काहींवर कोरी टाकली, काही आधीपासून २१ वर होते त्यांना वर आणलं.

अन् मग सुरू झालं. "स्लो झालंय बे." "मराठी गेलं." "पहिलंच बरं होतं." आधी मी प्रत्येक फोनला सेटिंग उघडून बसायचो, अर्धा दिवस जायचा अन् तक्रार तिथल्या तिथंच. नंतर कळलं की माणूस सांगतो ते त्याला काय दिसलं ते, काय बिघडलं ते नाही. मधलं अंतर आपण काढायचं. ते कसं काढतो तेवढं लिहितोय, ज्याला उपयोग होईल त्यानं घ्यावं.

टाकायच्या आधी

माणसाला शेजारी बसवा अन् त्याला म्हणा तू रोज जे करतोस ते कर, मी बघतो. "काय काय वापरतोस" असं विचारू नका, सगळे म्हणतात "काय नाही, नेट अन् वर्ड". मावशी पण तेच म्हणाली होती. बसलो तर बघतो काय, ती भिशीचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवते, भजनी मंडळाची पत्रकं मराठीत टाइप करते, अन् नातवाशी व्हिडिओ कॉल करते. तीन वेगळ्या गोष्टी, तिन्ही बिघडू शकतात. एका कागदावर लिहून काढा. नंतर फोन आला की याच कागदावर बोट ठेवून विचारता येतं, यातलं नेमकं कुठलं होईना?

टॅली असेल तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या, उगाच हिरोगिरी नको. डिजिटल सहीचा टोकन असेल तर तो आधी लावून बघा.

मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, म्हणजे मशीनवर न टाकता नुसतं चालवून बघा. मिंटची सिनॅमनवाली (सिनॅमन म्हणजे मिंटचा डेस्कटॉप) आयएसओ, म्हणजे टाकायची फाइल, तीन जीबीच्या आसपास आहे, व्हेंटॉय नाहीतर रूफस या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्ह करा, मशीन चालू करताना बूट मेन्यू, म्हणजे कशावरून चालू व्हायचं ती यादी, काढा, बऱ्याच मशिनींवर तो एफ १२ ला असतो. लाइव्हमध्ये वायफाय, आवाज, कॅमेरा, लॅपटॉप झोपवून परत उठवणं, अन् प्रिंटर. प्रिंटरला विसरू नका, मी विसरलो होतो, ते शेवटी सांगतो. लाइव्हमध्ये मशीन संथ वाटलं म्हणून घाबरायचं नाही, पेनड्राइव्हवरून चाललंय ते.

जुनं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर नंबर बघून घ्या. ४०० अन् ५०० मालिकेतल्या कार्डांना ३९० चा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लागतो, तो मिंट २२ मध्ये मिळत नाही, ओपन सोर्स नोव्हू ड्रायव्हरवर भागवावं लागतं. ऑफिसकामाला चालतं, पोराला गेम पाहिजे असेल तर बोंब होणार, त्याला आधीच सांगून टाका.

आणि एक आमच्याकडचं. एप्रिल-मेमध्ये टाकू नका. हसू नका, खरंच सांगतो. इकडं पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, पत्र्याखालच्या ऑफिसात तर विचारूच नका, लॅपटॉपचा फॅन तसाही विमानासारखा ओरडतो, प्रोसेसर गरम झाला की स्वतःच वेग कमी करतो, अन् नाव कुणाचं? नवीन लिनक्सचं. आमच्या कारखान्यातल्या एका मशीनची तक्रार होती "तू ते नवीन टाकल्यापासून मधेच अडकतंय", झाकण उघडलं तर फॅनवर सुताच्या धुळीची गादी बसलेली, हातानं उचलली तर टॉवेलचा तुकडा निघावा तशी निघाली. ब्रश मारला, संपला विषय. लूम किंवा शिलाईच्या जवळ मशीन असेल तर टाकायच्या आधी फॅन साफ करा, नाहीतर तो दोष पण आपल्याच खात्यावर.

अपग्रेड करताना लाईट जाऊ नये एवढं बघा, यूपीएस नसेल तर रात्री करा. २१ वरून २२ वर जायचं असेल तर आधी २१.३ वर यावं लागतं, मग मिंटचं स्वतःचं अपग्रेड टूल चालतं, आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिम मागं फिरवता येईल अशी प्रत, घ्या. टाइमशिफ्ट सिस्टिम वाचवतं, फोटो अन् फायली नाही, मूळ सेटिंगमध्ये ते होम फोल्डर (जिथं आपल्या फायली असतात) घेतच नाही. त्या वेगळ्या डिस्कवर काढा. हे न केल्यामुळं एका चुलत्याशी माझं सहा महिने बोलणं बंद होतं, जास्त सांगत नाही.

पहिले तीन दिवस

पहिल्या तीन दिवसांत येणाऱ्या तक्रारी वहीत लिहायच्या, हात लावायचा नाही. त्यात निम्म्या सवयीच्या असतात. बटण इकडं होतं तिकडं गेलं, रंग गडद झाला, आयकॉन वेगळा दिसतोय. २२.१ मध्ये सिनॅमनचा मूळ थीम बदलला, गोलसर अन् गडद झाला, तर एक जण मला म्हणाला "स्क्रीन खराब झाली वाटतं". लिब्रेऑफिसचा (वर्ड-एक्सेलच्या जागी चालतं ते) आकडा एकदम ७ वरून २४ झाला, एकाला वाटलं आपण मधली सोळा व्हर्जनं बुडवली. तसं काही नाही, २०२४ पासून ते वर्ष अन् महिना लावतात, २४.२ म्हणजे फेब्रुवारी २०२४, एवढंच.

पण सवयीची तक्रार म्हणजे खोटी तक्रार असं समजू नका हां. २०११ ला ग्नोम ३ हा नवा डेस्कटॉप आला, त्याच वर्षी उबंटूनं (हे पण लिनक्सच) आपला युनिटी डेस्कटॉप सगळ्यांच्या माथी मारला, खालची पट्टी अन् मेन्यू गेला, लोक जाम भडकले. तेव्हा पण काही जण म्हणाले होईल सवय. मिंटवाल्यांनी ते ऐकून गप्प बसायच्या ऐवजी जुन्या पद्धतीचा डेस्कटॉप परत बांधायला घेतला, तेच हे सिनॅमन, जे आज मावशी वापरतेय. आणि उबंटूनं पण २०१७ मध्ये १७.१० ला युनिटी सोडून ग्नोम धरलं. म्हणजे लोकांचं चुकत नव्हतं. माझा हिशोब असा: तीच तक्रार चौथ्या दिवशी परत आली तर ती खरी, मग ती सवयीची का असेना. नाही आली तर वहीतून काट मारा.

"स्लो झालंय" म्हणजे काय

हा सगळ्यात जास्त येणारा अन् सगळ्यात निरुपयोगी शब्द. विचारा कधी? चालू करताना, का ब्राउझर उघडताना, का तासाभरानं? चालू करताना असेल अन् आत जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर उत्तर एसएसडी आहे, लिनक्स नाही. पहिल्याच दिवशी असेल तर मागं अपडेट चाललेलं असतं नाहीतर टाइमशिफ्टचा पहिला स्नॅपशॉट, हार्डडिस्कवर तो लई वेळ खातो, होऊ द्या पूर्ण. तासाभरानं होत असेल तर सिस्टिम मॉनिटर उघडून मेमरी बघा. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब उघडे ठेवून माणूस म्हणतो स्लो. मिंट स्वतःच सांगतं की कमीत कमी २ जीबी, आरामात चालायला ४. तेवढ्यात तेवढंच होणार. अशा मशीनवर मी सिनॅमनऐवजी एक्सएफसीईवाली, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची मिंट टाकतो.

"मराठी गेलं"

याच्यावर जरा जास्त लिहितो कारण हे बाहेरच्या कुठल्या गाइडमध्ये नीट मिळत नाही. या दोन शब्दांत कमीत कमी चार वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात.

एक, टाइप होईना. बहुतेक वेळा भाषा बदलायचं बटण बदललेलं असतं. आधी आल्ट-शिफ्ट होतं, आता आयबसमध्ये (भाषा टाइप करायची सोय) सुपर-स्पेस, सुपर म्हणजे विंडोजचं बटण. इन्स्क्रिप्टवाल्यांना (मराठी कीबोर्डची ठरलेली मांडणी) सोपं आहे, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटमध्ये जाऊन भारतीय गटातला मराठी लेआउट जोडायचा, बदलायचं बटण तिथंच ऑप्शनमध्ये जुनं होतं तेच ठेवा, माणसाची बोटं बदलायला जाऊ नका. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारे असतील, मावशीसारखे, तर इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, एम१७एन हे पॅकेज टाका, लॉगआउट करून परत या, मग मराठी आयट्रान्स नाहीतर फोनेटिक जोडा. लॉगआउट न करता "होईना होईना" म्हणत बसलेला मी स्वतः.

दोन, टाइप होतंय पण अक्षरं हिंदीसारखी दिसतात. म्हणजे ल अन् श. ही तक्रार ऐकून कुणी म्हणेल काय फरक पडतो, पण जो शाळेत मराठी ल गिरवून मोठा झालाय त्याच्या डोळ्याला खुपतं, पत्रिका छापणाऱ्याला तर चालतच नाही. कारण असं की एकाच देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असू शकतात, मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रॅमला कळलं तरच मराठी वळण येतं, नाहीतर हिंदी. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टला टिक करून मराठी निवडा. तरी नाही जमलं तर लोहित मराठी फॉन्ट टाका, त्यात वळणच मराठी आहे.

तीन, जुन्या फायली उघडल्या की चित्रविचित्र चिन्हं. त्या फायली युनिकोड यायच्या आधीच्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेल्या आहेत, आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. फॉन्ट नाही तर मुखवटा नाही. यात नव्या मिंटचा काडीचा दोष नाही. फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या, एकदाच त्रास आहे.

चार, डेस्कटॉपचे मेन्यू मराठीत होते ते इंग्रजीत आले. लँग्वेजेसमध्ये जाऊन भाषेचं पॅकेज परत बसवा, दोन मिनिटं.

बाकीचं पटकन. "आवाज गेला" म्हणजे बहुतेक आवाज मॉनिटरच्या एचडीएमआयवर गेलेला असतो, २२ मध्ये आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आलंय, जुनी निवड लक्षात राहीलच असं नाही, साउंडमध्ये आउटपुट बदला. "स्पॉटिफाय सापडेना" तर सॉफ्टवेअर मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये बघा, २२ पासून कंपनीनं स्वतः न बनवलेले, म्हणजे अनव्हेरिफाइड फ्लॅटपॅक (प्रोग्रॅमची पॅकेजं) ते लपवून ठेवतात, टिक केली की दिसतात. लपवण्यामागं कारण बरोबर आहे, त्यामुळं टिक करून दिली तरी घरच्यांना सांगा की काही टाकायच्या आधी मला विचारायचं. "झोपवलं की उठत नाही" ही मात्र खरी तक्रार, चौथ्या दिवसाची वाट बघू नका, अपडेट मॅनेजरच्या व्ह्यूमध्ये लिनक्स कर्नल्स आहे तिथून दुसरा कर्नल (सिस्टिमचा गाभा) टाकून बघा, चालू होताना ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीच्या मेन्यूच्या, ॲडव्हान्स्डमधून जुना निवडता येतो.

आणि दुसऱ्यांकडनं ऐकलेलं, म्हणजे "अमक्यानं २२ टाकली, वाट लागली" असं कुणी सांगितलं तर तीन प्रश्न. कुठलं मशीन, आधी त्याच्यावर काय होतं, कोरं टाकलं का वरून अपग्रेड केलं. तिन्ही सांगता आली नाहीत तर चहा प्या अन् विषय बदला. सांगता आली अन् मशीन आपल्यासारखंच निघालं, तर तो माणूस सोन्यासारखा, नंबर घेऊन ठेवा. "लई भारी आहे" म्हणणाऱ्याला पण हेच तीन प्रश्न विचारा बरं का, तो तर सहसा नवीन लॅपटॉपवाला निघतो.

आता प्रिंटर. सात रस्त्याच्या दोस्ताचं मशीन २२ वर नेलं, लाइव्हमध्ये सगळं बघितलं, प्रिंटर तेवढा राहिला. तो जुना छोटा लेझर, त्याला कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, नवे प्रिंटर बिनड्रायव्हरचे चालतात तसला नाही. सकाळी दहाला दुकानात पोरांची रांग, परीक्षेचे फॉर्म, अन् हा फोनवर, "काय करून ठेवलास बे, एक पान निघंना." वही नाही, चौथा दिवस नाही, मी ऑफिसातून गाडी काढली अन् सरळ गेलो. दोन तास ड्रायव्हरशी झटलो, जमलं नाही, टाइमशिफ्टनं मागं २१.३ वर आणलं, पानं निघायला लागली.

नऊपैकी सोडलेलं ते एक मशीन हेच. २१ च्या मालिकेला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट आहेत, तोवर तो म्हणतो राहू दे की, चाललालंय ना. मी त्याला नवीन प्रिंटर घे म्हणून सांगून बघितलं, तर म्हणतो तू दे घेऊन.