दुहेरी अपवर्तन शिकताय? आधी मीठ आणि साखर घेऊन बसा

बीएस्सीला रत्नागिरीत जिऑलॉजी घेतलं तेव्हा ऑप्टिकल मिनरलॉजीची (प्रकाशावरून खनिजं ओळखायच्या विषयाची) मला जाम धास्ती होती, सुरुवातीलाच फळ्यावर ते इंडिकॅट्रिक्सचं, म्हणजे स्फटिकात कोणत्या दिशेला प्रकाश किती मंदावतो ते दाखवणारं लंबगोल आलं आणि मी ते नुसतं पाठ केलं. तुम्ही तसं करू नका. आधी डोळ्यांनी बघा.

लॅबमधून कॅल्साइट या खनिजाचा पारदर्शक तुकडा मागून घ्या आणि कागदावरच्या टिंबावर ठेवा, दोन टिंबं दिसतील, कारण आत शिरताना प्रकाशाचे दोन किरण होतात, हेच दुहेरी अपवर्तन; तुकडा फिरवला की एक जागेवर राहतं आणि दुसरं त्याच्याभोवती फिरतं. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या बार्थोलिन या शास्त्रज्ञाने हेच लिहून ठेवलं, त्याचे स्फटिक आइसलंडचे होते. एका किरणाला अपवर्तनांक (प्रकाश किती मंदावतो त्याचा आकडा) १.६५८, दुसऱ्याला १.४८६, फरक ०.१७२, या फरकालाच बायरेफ्रिन्जन्स म्हणतात. क्वार्ट्झमध्ये (गारगोटीत) हाच फरक फक्त ०.००९ असतो, म्हणून त्याच्याखाली टिंब एकच दिसतं आणि बरेचजण समजतात की क्वार्ट्झला बायरेफ्रिन्जन्स नाहीच. आहे, पण तो बघायला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी काच लागते.

घरी हे करा, आमच्याकडे पावसात दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही तेव्हा मी हेच करायचे. लॅपटॉपची एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरी करा, पोलराइज्ड गॉगलची काच समोर धरून स्क्रीन काळी होईपर्यंत फिरवा, मग मध्ये साखरेचा दाणा धरा. उजळतो! खड्या मिठाचा दाणा मात्र जवळजवळ काळाच राहतो, कारण मिठाचा स्फटिक क्यूबिक, त्याला सगळ्या दिशा सारख्या. कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी धरलीत तर रंगांचे पट्टे दिसतील, साच्यात ओतताना प्लास्टिकमध्ये राहिलेला ताण आहे तो. मला आयसोट्रॉपिक (सगळ्या दिशा सारख्या) आणि ॲनिसोट्रॉपिक (दिशेप्रमाणे वेगळं) हे शब्द खरे तिथे कळले.

आता स्लाइड, म्हणजे काचेवर चिकटवून घासलेली दगडाची पातळ चकती. जाडी ०.०३ मिमी हवी म्हणजे हवीच. मी कणकवलीकडच्या क्वार्ट्झाइटची (जवळजवळ सगळा क्वार्ट्झच असलेल्या दगडाची) पहिली स्लाइड घासली, क्रॉस्ड पोलर्समध्ये (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये) दाणे छान पिवळे-नारिंगी दिसले आणि मी वहीत भलत्याच खनिजाचं नाव लिहिलं. सरांनी एवढंच विचारलं, जाडी बघितलीस का? रंग ठरतो जाडी गुणिले अपवर्तनांकांतला फरक यावर, ०.०३ मिमीला क्वार्ट्झ करडा-पांढरा दिसायला हवा, माझी स्लाइड जाडच राहिली होती. परत काचेवर कार्बोरंडम ही घासायची पावडर, पाणी, गोल गोल घासणं, दर दोन मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली, शेवटी तो करडा झाला तेव्हा हात भरून आले होते पण मी अर्धा तास स्टेज (मायक्रोस्कोपची फिरती तबकडी) फिरवत बसले, प्रत्येक दाणा एका फेरीत चार वेळा विझत, म्हणजे काळा पडत होता.

त्यानंतर आपल्या घराजवळच्या काळ्या कातळाची स्लाइड करा. प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या करड्या-काळ्या पट्ट्या आणि मध्येच ऑगाइट या खनिजाचे भडक रंग, ते बघून झालं की मग इंडिकॅट्रिक्सचं पान उघडा.