आधी मॅपवर दुकान नीट आणा, बूस्टचं बटण नंतर दाबा

गोव्यात कोणी छोटा धंदा सुरू केला की पहिला सल्ला ठरलेला, इन्स्टाग्रामवर पेज काढ आणि रोज एक रील टाक. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. कुडचड्यात कुणाचा मिक्सर बंद पडला तर तो रील बघत बसत नाही, फोनवर "मिक्सर रिपेअर" टाइप करतो आणि वर जी दोन-तीन नावं येतात त्यांना फोन लावतो. गिऱ्हाईक तुम्हाला शोधतच असतं. त्याला तुम्ही सापडता का, त्याचा फोन उचलता का आणि मॅप त्याला तुमच्याच दारात आणून सोडतो का, सगळं यावर आहे. फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे या भागातल्या बऱ्याच दुकानांचं हे काम मी करून दिलंय आणि बहुतेक ठिकाणी हेच बघितलंय की बूस्टवर, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवण्यावर, पैसे जाऊन बसलेत आणि मॅपवर दुकान भलत्याच वाड्यावर दिसतंय. म्हणून मी सांगते त्या क्रमाने करा.

१. प्रोफाइल काढा, पण स्वतःच्या जीमेलवरून

गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलवर आणि मॅपवर दिसणारी तुमच्या दुकानाची नोंद, फुकट आहे. पूर्वी याला गुगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं आणि ते जुनं ॲपही नंतर बंद झालं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून ते ॲप शोधत बसू नका. ज्या जीमेलवर प्रोफाइल आहे त्यानेच लॉगिन करून गुगलवर आपल्या दुकानाचं नाव टाकलं की सगळं तिथेच एडिट करता येतं.

खातं तुमचंच पाहिजे. भाच्याचं नको, कामावरच्या पोराचं नको, आणि मार्केटिंगवाल्याचं तर नकोच नको. एजन्सीला काम द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण तिला "मॅनेजर" म्हणून जोडा आणि "प्रायमरी ओनर" तुम्ही रहा. ही अट आधी बोलून घ्या. पैशांवरून फिसकटलं की लोक पासवर्ड देत नाहीत, आणि मग वर्षानुवर्षं जमवलेले रिव्ह्यू दुसऱ्याच्या हातात राहतात.

तुमच्या दुकानाचं प्रोफाइल आधीच कुणीतरी काढून ठेवलं असेल तर नवीन काढू नका, एकाच दुकानाच्या दोन नोंदी झाल्या की दोन्हींचं नुकसान होतं. जुन्या नोंदीवरच मालकी मागा. आत्ता ज्याच्याकडे ती आहे त्याला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात, तो गप्प राहिला तर बहुतेक वेळा पुढचा मार्ग तुम्हाला उघडतो.

२. नाव आणि कॅटेगरी

नाव पाटीवर आहे तेच लिहायचं. "शांतादुर्गा स्टोअर्स" असेल तर तेवढंच, पुढे "बेस्ट किराणा फोंडा होम डिलिव्हरी" असलं काही जोडायचं नाही. हे गुगलच्या नियमात बसत नाही आणि प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. आपल्याकडे देवाच्या नावाची दुकानं एकेका गावात चार-चार सापडतात, मंगेश, दामोदर, महालसा, शांतादुर्गा, त्यामुळे वेगळं दिसावं म्हणून लोक नावात गावापासून मालापर्यंत सगळं कोंबतात हे मला समजतं. पण वेगळेपणा कॅटेगरीतून आणि पत्त्यातून येऊ द्या. मुख्य कॅटेगरी एकच निवडता येते, वर आणखी ९ जोडता येतात. मुख्य कॅटेगरी जितकी नेमकी तितकं चांगलं, "दुकान" नको, "हार्डवेअरचं दुकान" हवं. बाकीच्या ९ जागा आहेत म्हणून भरू नका, जे खरंच करता तेवढंच टाका.

३. पिन आणि व्हिडिओ, इथेच लोक अडकतात

या पायरीवर सुरुवातीला माझे बरेच दिवस गेले कारण कुठलाही व्हिडिओ आपल्या गावातल्या पत्त्यांबद्दल बोलतच नाही. सगळे सांगतात पत्ता टाइप करा, पिन, म्हणजे मॅपवरची तुमच्या जागेची खूण, आपोआप पडेल. आपला पत्ता असतो घर नंबर अमुक, तमुक वाडा, देवळाजवळ, गाव, तालुका. घर नंबर रस्त्याने ओळीत जात नाहीत, एकाच नावाचे वाडे वेगवेगळ्या गावांत असतात. मग गुगल बिचकतं आणि पिन गावाच्या मध्यभागी, नाहीतर एखाद्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, टाकून देतं. ही आपोआप पडलेली पिन कधीही तशीच ठेवू नका.

दुकानाच्या दारात उभे रहा, मॅप सॅटेलाइट व्ह्यूवर टाका, पूर्ण झूम करा आणि पिन हाताने ओढून दारावर आणा. छपराच्या मध्यावर नाही, गिऱ्हाईक जिथून आत येतं तिथे. मग दुसऱ्या कुणालातरी, ज्याने तुमचं दुकान बघितलेलं नाही अशा माणसाला, बसस्टँडवरून नेव्हिगेशन लावून यायला सांगा. पिन बरोबर असूनही मॅप मागच्या रस्त्याने आणून कंपाउंडच्या भिंतीपाशी सोडतो, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलंय, आणि ते घरी बसून कळत नाही. तसं झालं तर गुगल मॅपमध्ये रस्त्याची चूक कळवायची सोय आहे ती वापरा, आणि तोपर्यंत माहितीत स्पष्ट लिहा की शाळेच्या बाजूने या. दिवाडी किंवा चोडणला दुकान असेल तर फेरीबोटीचा उल्लेख नक्की करा, बाहेरचा माणूस धक्क्यावर येऊन गोंधळतो आणि परत फिरतो.

अजून एक उपयोगाची गोष्ट म्हणजे प्लस कोड. मॅपवर प्रत्येक जागेला एक छोटा कोड असतो, तो साधारण १४ मीटर बाय १४ मीटरच्या चौकोनाचा असतो, त्यामुळे घर नंबरपेक्षा तो कितीतरी भरवशाचा. तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर ठेवा, डिलिव्हरीवाल्याला तोच पाठवायचा.

आता व्हेरिफिकेशन, म्हणजे धंदा खरा आणि तुमचाच आहे ना याची गुगलने केलेली तपासणी. बहुतेकांना हल्ली व्हिडिओच मागतात. लोकांना वाटतं दुकानाचा छान व्हिडिओ काढायचाय, म्हणून आतून शेल्फ, माल, लायटिंग दाखवतात, कुणी मागे गाणं लावतं, कुणी जोडून एडिट करतं, आणि व्हिडिओ नाकारला जातो. बघणाऱ्याला छान काही नको असतं. त्याला तीन गोष्टी तपासायच्या असतात: ही जागा मॅपवरच्या पिनपाशीच आहे का, या नावाचा धंदा इथे खरंच चालतो का, आणि व्हिडिओ काढणारा माणूस हा धंदा चालवणाराच आहे का. तिन्हींची उत्तरं एकाच सलग व्हिडिओत आली पाहिजेत, मध्ये कट नाही, आणि ३० सेकंदांच्या वर.

मी करते ते असं. सकाळी दुकान उघडायच्या वेळेला काढायचा, कारण शटर बंद असतं आणि गर्दी नसते, लोकांचे चेहरे येता कामा नयेत. सुरुवात दुकानापासून करायचीच नाही, रस्त्यावरून करायची, जिथे गावाचं नाव लिहिलेला काहीतरी बोर्ड आहे, पंचायतीचा, बसथांब्याचा, शाळेचा. तिथून चालत यायचं, शेजारचं दुकान दिसू द्यायचं, आणि आपल्या पाटीवर कॅमेरा तीन-चार सेकंद स्थिर धरायचा. ही पाटी कायमची बसवलेली असावी, दोरीने बांधलेला फ्लेक्स नको, आणि पाटीवरचं नाव प्रोफाइलमधल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. बहुतेक नकार इथेच येतात असं माझं ठाम मत आहे. पाटीवर "श्री दामोदर इलेक्ट्रिकल्स" आणि प्रोफाइलवर "दामोदर इलेक्ट्रिक रिपेअर सर्व्हिस", मग बघणाऱ्याने कशावरून ओळखायचं? मग खिशातून किल्ली काढून कुलूप उघडायचं, शटर वर करायचं, आत जाऊन काउंटरच्या मागे जायचं जिथे गिऱ्हाईक जात नाही, बिलबुक दाखवायचं, भिंतीवर पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना लावलेला असेल तर त्यावरचं नाव दाखवायचं. बोलायची काही गरज नाही. आधार, पॅन, बँकेचं पासबुक दाखवायचं नाही म्हणजे नाही.

पावसात काढू नका, पाटीच वाचता येत नाही. नेटवर्क कमी असलेल्या गावात अपलोड अर्ध्यावर अडकतं, तेव्हा शेजाऱ्याचं वायफाय आधीच मागून ठेवा. उत्तराला ५ कामाचे दिवस लागू शकतात, तोपर्यंत प्रोफाइलमध्ये काही म्हणजे काही बदलू नका. व्हेरिफाय झाल्यावरही नाव, पत्ता आणि कॅटेगरी एका दिवसात बदलायला जाऊ नका, परत व्हेरिफिकेशन मागितलं जाऊ शकतं.

घरून धंदा करणाऱ्यांनी, म्हणजे लाडू-चकली, टिफिन, शिवणकाम, एसी दुरुस्ती, ज्यांच्याकडे गिऱ्हाईक दारात येत नाही, त्यांनी पत्ता लपवून "सर्व्हिस एरिया" निवडावा. यात २० भाग टाकता येतात पण तुम्ही जिथे खरंच जाता तेवढेच टाका, फोंड्याहून काणकोणला टिफिन जात नसेल तर काणकोण कशाला? व्हिडिओत अशांनी वाड्याचा रस्ता, घर नंबरची पाटी, मग हत्यारं, लेबल लावलेली पाकिटं, खाण्याचं असेल तर एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचं) नोंदणीपत्र असं दाखवावं.

आणि "गुगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार, इतके पैसे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. लिस्टिंगला पैसे लागत नाहीत. ओटीपी तर कुणालाच सांगू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे सांगून ठेवा, दुकानातला फोन बऱ्याचदा तेच उचलतात.

४. वेळा

गोव्यात दुकान दुपारी बंद असतं, मग प्रोफाइलवर ९ ते ८ असं सरळ का लिहिता? सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेगळ्या वेळा टाकता येतात. चवथीचे दिवस, गावची जत्रा, ३ डिसेंबरचं फेस्त, यासाठी "स्पेशल अवर्स" आधीच भरून ठेवा. मॅपवर उघडं दिसतंय म्हणून वाळपईहून आलेला माणूस बंद शटर बघून परत गेला तर तो दुसऱ्यांदा येत नाही, वर एक स्टार देऊन जातो.

५. फोटो

स्वतःच्या फोनवर, दिवसा उजेडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाटी दिसेल असे, आणि रेटकार्ड. नेटवरून उचललेले फोटो नकोत.

६. रिव्ह्यू

मागायला लाजू नका, काम झाल्यावर लगेच मागा, प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर मिळतो तो काउंटरवर लावा. पण रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा फुकट चहा द्यायचा नाही, तो नियमभंग आहे. नातेवाइकांकडून एका संध्याकाळी पंचवीस रिव्ह्यू लिहून घेऊ नका, ते उडवले जाऊ शकतात, आणि वाचणाऱ्यालाही कळतं हो, सगळेच "नाइस सर्व्हिस" लिहितात तेव्हा. वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका, काय झालं, काय करणार, फोन करा, एवढं लिहा. ज्या भाषेत त्याने लिहिलंय त्याच भाषेत उत्तर द्या, कोकणीत असेल तर कोकणीत.

७. व्हॉट्सॲप बिझनेस

धंद्याचा नंबर वेगळा ठेवा. कॅटलॉगमध्ये माल टाका आणि किंमत लिहा. "किमतीसाठी मेसेज करा" हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण अर्धे लोक मेसेज करतच नाहीत, त्यांना वाटतं महाग असणार म्हणूनच लपवलंय. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून बिल देताना नंबर सेव्ह करायला सांगा. रोज शुभ सकाळ पाठवू नका, म्यूट व्हाल.

८. आता जाहिरात

वरचं सगळं झाल्यावरच. पोस्टखालचं बूस्ट बटण दाबून जी पहिली सेटिंग येते ती तशीच ठेवली की लाइक भरपूर येतात, पण ते कुठून येतात ते बघा, त्यातला एकही माणूस तुमच्या दुकानात येणार नसतो. त्यापेक्षा फेसबुक-इन्स्टाग्रामच्या ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन उद्देश मेसेज किंवा कॉल ठेवा, आणि भाग दुकानाभोवती थोड्या किलोमीटरचाच घ्या. बजेटवर १८ टक्के जीएसटी धरून चाला.

गिऱ्हाईक गावचं की टुरिस्ट हे आधी ठरवा. दोघांना एकच जाहिरात चालत नाही. गावच्या माणसाला दर आणि वेळ हवी असते, टुरिस्टला फोटो, रस्ता आणि कार्ड-यूपीआय चालतं का हे हवं असतं. टुरिस्टवर धंदा असेल तर जून ते सप्टेंबर जाहिरातीचे पैसे वाचवा आणि त्याच दिवसांत फोटो, रेट, मेनू सगळं नवं करून घ्या, म्हणजे ऑक्टोबरला तयारी झालेली असते. फॉलोअर विकत घेऊ नका. काजू, फेणी, खाजे, मानकुराद यांना जीआय (त्या भागाचाच माल म्हणून मिळणारं भौगोलिक मानांकन) आहे म्हणून जीआयचा लोगो स्वतःच्या पाकिटावर किंवा पोस्टवर चिकटवू नका, तो वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

९. हिशोब

प्रोफाइलमध्ये किती कॉल आले, किती जणांनी रस्ता विचारला, कुठले शब्द टाकून लोक पोचले, हे सगळं दिसतं, महिन्यातून एकदा बघा. त्याच्याशिवाय काउंटरवर एक वही ठेवा, नवीन माणूस आला की विचारायचं, आमचा पत्ता कुठून मिळाला, आणि एक रेघ मारायची, मॅप, व्हॉट्सॲप, जाहिरात, कुणीतरी सांगितलं. तीन महिन्यांनी जाहिरातीच्या रकान्यात रेघा नसतील तर जाहिरात थांबवा आणि त्या पैशात पाटीवर रात्रीचा दिवा बसवून घ्या.