पापलेटच्या साठ्याचा अंदाज: धक्क्यावर लांबीची नोंद कशी घ्यावी

पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. समुद्रात तो किती उरलाय, हे मात्र आजही मुख्यतः सातपाटी, ससून डॉक, भाऊचा धक्का अशा ठिकाणी उतरणाऱ्या मासळीवरूनच काढावं लागतं. इथली नोंद चुकली तर पुढे कुठलंही मॉडेल चालवा, चूक निघत नाही.

आधी जात नक्की करा. हलवा हा मासा पापलेटच्या शेजारी विकला जातो, पण त्याचं कूळच वेगळं. चंदेरी पापलेटच्या पाठीचा आणि पोटाकडचा पर कोयत्यासारखा वळलेला असतो, शेपटी खोल दुभंगलेली आणि तिचं खालचं टोक लांब. चायनीज पापलेटची शेपटी उथळ असते. जुन्या नोंदींत आपल्या माशाचं शास्त्रीय नाव पॅम्पस अर्जेंटियस दिसेल. आता तो पॅम्पस कॅन्डिडस मानला जातो. त्यामुळे चीनकडच्या पापलेटचे वाढीचे आकडे उसने घेऊ नका.

साहित्य फार लागत नाही: एका टोकाला उभी पट्टी ठोकलेली ४५ सेंमीची मापफळी, वजनकाटा, पेन्सिल आणि पाण्यात न भिजणारा कागद. माशाचं तोंड पट्टीला टेकवून शेपटीच्या दुभंगापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या. शेपटीचं लांब टोक जाळ्यात आणि बर्फात हमखास मोडतं, म्हणून टोकापर्यंतचं माप भरवशाचं नाही. अंगावरून टेप फिरवलात तर पोटाच्या फुगवट्यामुळे लांबी जास्त भरते. लिलाव सुरू होण्याआधीच काम उरका. महागडा मासा कुणी फार वेळ हाताळू देत नाही आणि ते रास्तच आहे.

सगळ्यात जास्त घोळ प्रतवारीत होतो. पापलेट लिलावाआधीच आकारानुसार वेगळं केलेलं असतं. समोरच्या क्रेटमधले ५० मासे मोजले तर तुम्ही फक्त ती एक प्रत मोजलीत. प्रत्येक प्रतीचं एकूण वजन विचारा, त्यातून न निवडता मासे उचला आणि गुणक वेगळा काढा. समजा, एका बोटीत बारीक प्रत ४० किलो आहे आणि तुम्ही ५ किलो मोजलीत: गुणक ८. त्यात १४ ते १५ सेंमीचे १२ मासे निघाले, तर बोटीत त्या गटाचे ९६ धरायचे. सगळ्या प्रती अशा वाढवून मगच बेरीज.

बोटी निवडायलाही नियम हवा, नाहीतर ओळखीच्या तांडेलाचीच (बोट चालवणाऱ्या प्रमुखाची) बोट दरवेळी मोजली जाते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या पद्धतीत १५ किंवा कमी बोटी आल्या तर सगळ्या पाहतात. २० ते २९ असतील तर दोनांत एक, ४० ते ४९ असतील तर चारांत एक. रात्री लागलेल्या बोटींची माहिती सकाळी विचारून घ्यावी लागते.

जाळ्याप्रमाणे कागद वेगळा ठेवा. डोल जाळ्यात, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, पिल्लं येतात. गिलनेट हे पाण्यात भिंतीसारखं उभं जाळं; त्यात आसाच्या (जाळ्याच्या छिद्राच्या) मापाला बसणारेच मासे अडकतात, लहान निसटतात आणि फार मोठेही कमी सापडतात. केवळ गिलनेटच्या नोंदींवरून मृत्युदर (मासे किती वेगाने मरतात) काढला तर मोठे मासे संपलेत असं वाटतं, प्रत्यक्षात ते जाळ्यात अडकलेलेच नसतात.

मासेमारीची मेहनत, म्हणजे मासा पकडायला किती जाळं किती वेळ लावलं, ती फेऱ्यांत मोजू नका. एक दिवसाची फेरी आणि आठ दिवसांची फेरी सारखी कशी? जाळं किती तास पाण्यात होतं, त्याची लांबी आणि आसाचं माप किती, हे तांडेलाला विचारा. जीपीएसमुळे बोटी थेट थव्यावर जातात, त्यामुळे साठा घटत असतानाही दर फेरीची पकड काही काळ टिकून दिसते.

१ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात यांत्रिक बोटींच्या नोंदी नसतात. त्या जागी शून्य लिहू नका, रकाना रिकामा सोडा. शून्य म्हणजे मासेमारी झाली, मासा मिळाला नाही.

प्रौढत्वाची लांबी, म्हणजे मासा कोणत्या लांबीला अंडी घालण्याजोगा होतो, ती काढायला पोट फाडावं लागतं, म्हणून दर महिन्याला मासे विकत घेण्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. त्याच माशांतून कानातले खडे काढून कोरड्या कुपीत ठेवा, कुपीवर तारीख, जाळं आणि लांबी लिहा. वयाच्या खुणा त्यांवरूनच वाचतात.

विश्लेषणात नैसर्गिक मृत्युदर (मासेमारीशिवाय इतर कारणांनी मरणाऱ्या माशांचा दर) हा आकडा सूत्रातून येतो, धक्क्यावर मोजलेला नसतो. तो २० टक्के वर आणि २० टक्के खाली धरून गणित पुन्हा करा आणि अहवालात तिन्ही उत्तरं द्या.