तिसऱ्याच सर्व्हरवर चुकीची डिस्क का निवडली गेली?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या छोट्या ऑफिसात तीन सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी सिस्टिम, चढवायचं होतं. प्रत्येकापुढे कीबोर्ड घेऊन बसायची माझी तयारी नव्हती. प्रॉक्समॉक्सच्या ८.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, इन्स्टॉलरच्या प्रश्नांच्या उत्तरांची फाइल आयएसओतच (इन्स्टॉलरच्या डिस्क-प्रतिमेतच) भरून विनाहस्तक्षेप इन्स्टॉल करता येतं. मी तेच केलं.

दोन सर्व्हर मस्त उभे राहिले. तिसऱ्यात मात्र सिस्टिम एसएसडीऐवजी मोठ्या डेटा डिस्कवर जाऊन बसली. डिस्क रिकामी होती म्हणून निभावलं, पण पोटात गोळा आलाच.

फाइलमध्ये मी डिस्क म्हणून थेट 'एसडीए' लिहिलं होतं. चूक तिथेच! हे नाव डिस्कचं कायमचं नसतं. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, जी आधी सापडते तिला ते मिळतं. शेजारी बसलेल्या दादाने विचारलं, "मग ओळखायचं कसं?" मी त्याच सर्व्हरवर प्रॉक्समॉक्सच्या ऑटो-इन्स्टॉल-असिस्टंट या साधनाची 'डिव्हाइस-इन्फो' कमांड चालवली. प्रत्येक डिस्कचं मॉडेल, सीरियल नंबर, सगळं समोर आलं. मोबाइलचा टॉर्च लावून एसएसडीवरच्या स्टिकरशी ताडून पाहिलं.

मग फाइलमधली 'एसडीए'वाली डिस्कची यादी काढून टाकली आणि 'आयडी_मॉडेल'चा, म्हणजे मॉडेलवरून डिस्क निवडणारा, फिल्टर लावला. तिन्ही एसएसडी एकाच मॉडेलच्या, त्यामुळे एकच फाइल पुरली. त्याच साधनाच्या 'डिव्हाइस-मॅच' कमांडने फिल्टर नेमकी कोणती डिस्क पकडतो ते आधी बघितलं. 'व्हॅलिडेट-आन्सर' ही कमांड फक्त फाइलची मांडणी तपासतं, डिस्क बरोबर आहे का ते नाही. माझी पहिली फाइलसुद्धा त्यात पास झाली होती.

'प्रिपेअर-आयएसओ'ने नवी आयएसओ बनवली, तिसरा सर्व्हर पुन्हा लावला. चहा येईपर्यंत लॉगिन स्क्रीन आली, या खेपेला एसएसडीवरून.