माळ्यावरची पाण्याची टाकी: आधी आधार बघा, मग आत हात घाला

मुंबई-पुण्याकडच्या जुन्या चाळींत आणि इमारतींत पालिकेचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं, म्हणून मोरीवरच्या माळ्यावर 200-300 लिटरची टाकी बसवलेली असते. सफाईचं मनावर घेतलं की माणूस ब्रश घेऊन थेट स्टुलावर चढतो. थांबा. 300 लिटर पाणी म्हणजे 300 किलो वजन, टाकीचं वेगळंच. ते कशावर उभं आहे ते आधी तपासा.

माळा लाकडी असेल तर भिंतीत शिरणाऱ्या टोकांपाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय. स्लॅबचा माळा असेल तर खालून पोपडे सुटलेत का, गंजलेली सळई दिसते का, ते पाहा. यातलं काहीही आढळलं तर टाकी रिकामीच ठेवा आणि जाणकाराला दाखवा. रंग मारून हे झाकू नका.

सफाईच्या आदल्या रात्री पाणी वापरून संपवा आणि टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद करा. गीझरचं बटण आठवणीने बंद करा, कारण पाणी नसताना तो चालू राहिला तर कॉइल जळते. त्याच्याकडे जाणारा कॉकही बंद ठेवा. टाकीचा नळ तळापासून थोडा वर असतो, त्यामुळे खाली गाळ उरतोच. तो नळीने मोरीत उतरवा, शेवटचं स्पंजने टिपून घ्या. प्लास्टिकच्या टाकीला तारेचा काथ्या नको, चरे पडतात आणि त्यातच शेवाळ धरतं. साधा नायलॉनचा ब्रश पुरे.

घासताना जोर द्यायचा तो तळावर नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वरच्या पट्ट्यावर. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तिथे अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यात महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

आता ब्लीचिंग पावडर. ताजी, 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीनची असेल तर 300 लिटरला 45 ते 50 ग्रॅम पुरते. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं भरलेल्या टाकीत ओता. घरातले नळ ब्लीचिंगचा वास येईपर्यंत सोडून बंद करा, म्हणजे पाइपही धुऊन निघतात. सहा तास ठेवा, मग हे पाणी संडास-मोरीला वापरून टाका आणि टाकी एकदा भरून रिकामी करा. खिडकी उघडी हवी. फरशीचं ॲसिड मात्र त्या दिवशी बाहेरच काढू नका. ब्लीचिंगमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि मोरी ती केवढी!

बॉल कॉक (टाकी भरली की तरंगत्या बॉलने पाणी बंद करणारा नळ) गळत असेल तर बहुतेकदा वायसर झिजलेला असतो किंवा खडा अडकलेला. बॉल काढून कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं तर तो भरलाय, नवीनच घ्या. पितळी दांडी किंचित खाली वाकवली की पाणी लवकर थांबतं. ओव्हरफ्लोच्या पाइपपेक्षा पाणी बोटभर खाली राहायला हवं.

ओव्हरफ्लो टपकतो म्हणून त्यात चिंधी कोंबणारे महाभाग असतात. मग पाणी माळ्यावर सांडतं आणि लाकूड कुजतं. त्याचं तोंड मोरीत दिसेल असं सोडा, बारीक जाळी बांधा, टपकलं तर बॉल कॉक बघा. झाकणही घट्ट बसायला हवं.

जुन्या लोखंडी पाइपांच्या जोडांत गळती थांबवायला सफेदा (पांढरा घट्ट लेप) आणि सुतळी असते आणि सफेद्यात शिसं असू शकतं. जोड उघडलाच तर आटे साफ करून टेफलॉन टेप गुंडाळा.

पत्र्याच्या टाकीला सुईएवढी भोकं पडू लागली की एम-सील लावून काही दिवस निघतील, पण ती बदलायलाच झाली आहे. नवी आणण्याआधी माळ्याचं तोंड मोजा. जुनी टाकी कधीकधी माळा बंदिस्त करायच्या आधीच ठेवलेली असते. ती कापूनच काढावी लागते आणि त्याच मापाची दुसरी आत जात नाही.