चौरंगाचे कोपरे आणि राउटर

गणपती जवळ आले की आमच्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातून चौरंगांची कामं येतात. गोल कोपऱ्यांना राउटर (वेगानं फिरणाऱ्या पात्यानं लाकडाची कड कोरणारं मशीन) मारायचं काम हमखास नव्या मुलाच्या हाती जातं. काही जणांना संखेड्याच्या फर्निचरसारखी गोलाई हवी असते. त्यांना आधीच सांगावं, ते लेथवर कातलेलं असतं, राउटरचं काम नव्हे.

राउंड-ओव्हर बिट म्हणजे कड गोल करणारं पातं; त्याच्या टोकाचं बेअरिंग, म्हणजे छोटं चाक, फळीच्या कडेला टेकून फिरतं. जिगसॉनं (वळणं कापायच्या विजेच्या करवतीनं) सोडलेले खड्डे-उंचवटे ते जसेच्या तसे गोलाईत उतरवतं. म्हणून आधी कानस, मग पॉलिश पेपर. कडेवरून बोट फिरवायचं. अडखळलं की पुन्हा कानस. महागडं बिट घ्यायची घाई नंतर करा.

बाहेरच्या कडेला राउटर वरून बघताना घड्याळाच्या उलट न्यायचा, आतल्या भोकाला घड्याळासारखा. उलट केलंत तर मशीन हातातून पुढे पळतं.

खरी गोम सागवानाच्या रेषांत आहे. लांब बाजूकडून आडव्या टोकाकडे (जिथे रेषा संपतात) वळणारा कोपरा गुळगुळीत निघतो. टोकाकडून लांब बाजूकडे वळणारा कोपरा मात्र ढलपी काढतो, कारण तिथे बिट रेषांच्या उलट चालतं. चौरंगाला असे दोन कोपरे असतातच. पेन्सिलीनं खूण करून ठेवा आणि तिथे बिट थोडं-थोडं उतरवत तीन-चार फेऱ्यांत गोलाई काढा; शेवटची फेरी अगदी नखाएवढी. आडव्या टोकावर रेंगाळू नका, लाकूड काळं पडतं आणि तो डाग घासून काढताना गोलाईच बिघडते.

कोपऱ्यावर राउटरचा बराचसा तळ हवेत असतो. आतल्या, म्हणजे फळीवर असलेल्या मुठीवर वजन ठेवा, नाहीतर मशीन कलंडतं आणि कडेत खाच पडते.

फळी उलटण्याआधी हिशेब करा. १८ मिमी जाडीला दोन्ही बाजूंनी ९ मिमी गोलाई दिली, तर दुसऱ्या बाजूच्या वेळी बेअरिंगला टेकायला सपाटीच उरत नाही. ६ मिमी घेतली तर मध्ये ६ मिमी पट्टी राहते, तेवढी पुरते. गिऱ्हाईक पूर्ण गोल कडेसाठी अडूनच बसलं, तर दुसरी बाजू कानस आणि पॉलिश पेपरनं हातानंच गोल करा.

बिट बदलताना प्लग काढलेला हवा, आणि चष्मा सगळ्यांनाच.